पाटली बुडेपर्यंत

"काकी, औंदा नारळ पाव्हणा फोडनार, पयली कुदळ बी त्योच मारनार. माईकवर तुमचं नाव घ्याला येळ न्हाय बगा," बद्रीनाथ म्हणाला. जत्रा कमिटीचा अध्यक्ष झालाय. याचं शेंबडं नाक मी माझ्या पदरानं पुसलंय.

"मंग माती बी पाव्हण्यालाच खनाय सांग," मी म्हणलं.

"आसं कसं? मान तुमचाच हाय की."

"मान हाय आन नाव न्हाय. त्येला हमाली म्हंत्यात, बद्रीनाथ."

तो हसला आणि फोन कानाला लावून निघून गेला. भांडायलाही थांबला नाही, तेच मला जास्त लागलं.

धायरीला आता गाव म्हणायचं ते आमच्यासारख्यांनीच. चहूकडून दहा-दहा मजले उभे राहिले, मधे आमचं चार गुंठे रान तेवढं मोकळं. वर्षभर तिथं सोसायट्यांचे पाण्याचे टँकर वळतात, आणि चैत्रात जत्रेच्या कुस्त्यांचा हौदा तिथंच होतो. माती करायची आमच्या घरानं. आधी खालचा मुरूम फोडायचा, खडे वेचायचे, वर तालमीची तांबडी माती पसरून तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल मुरवायचं. शेवटी घरातल्या थोरल्या बाईनं चारी कोपऱ्यांत हात रुतवायचा. मनगटातली पाटली दिसेनाशी झाली की म्हणायचं, "बुडाली." ती हे म्हणाल्याशिवाय पैलवान आत पाय टाकत नाही. चांदीची ही पाटली माझ्या सासूची, आणि तिच्या आधी तिच्या सासूची.

त्या संध्याकाळी मी माझ्या लेकाला, संपतला म्हणलं, "टँकर वळत्यात त्यो कोपरा फोडू नगं. वरनं माती पसर नुसती."

"आये, तिथं तर फरशीवानी घट झालंय."

"म्हनूनच. पाव्हणा त्याच कडनं उतरनार, तिथंच कुदळ मारनार. खणकन वाजली की हजार मानसं इचारतील, माती कुनी केली म्हून. मंग घेत्याल नाव."

"आन कुस्त्या?"

"त्येच्या आदी तू उतर आन धा मिनटांत फोडून दे. हाय काय त्यात?"

संपत गरीब. आयुष्यात मला उलटून बोलला नाही. तेव्हा बोलला असता तर!

जत्रेदिवशी मी तीन कोपऱ्यांत हात रुतवला. चौथ्यात नुसता फिरवला, भाकरीवर पाण्याचा हात फिरवावा तसा. आणि मोठ्यानं म्हणलं, "बुडाली."

पाहुणा आलाच नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे अडकला म्हणे. बद्रीनाथनं घड्याळात बघितलं, नारळ आपणच फोडला आणि हलगी वाजवायला सांगितली. कुदळ तशीच कडेला पडून राहिली. हौद्यापलीकडून संपतनं माझ्याकडं बघितलं. पंधरा पावलं चालून गेले असते तर झालं असतं. पण सगळ्यांसमोर काय सांगू? मी, बायडाबाई, खोटं बोलले म्हणून? मनाशी म्हणलं, कुस्ती मधोमध होते, कोपऱ्यात कोण जातंय. आणि पदर सावरून खुर्चीत बसून राहिले.

चौथी कुस्ती माझ्या नातवाची, शंभूची. संपतचा थोरला. समोर नदीपलीकडचा सोनू. दोन वर्षांमागं सोनूनं शंभूला चीतपट केलं होतं, त्यामुळं शिट्ट्या जोरात होत्या. धरपकड करत, एकमेकाला रेटत दोघं सरकत गेले ते टँकरच्या कोपऱ्यात. तिथं शंभूनं ढाक लावली. डाव साफ होता, पंचांनीही तेच सांगितलं. सोनू वर गेला आणि खाली आला.

माती मऊ असली की पैलवान पडल्याचा आवाज धपकन येतो. हा तसा आला नाही. मी ज्या आवाजासाठी बसले होते तो हा नव्हता, पण माझ्या कोपऱ्यातूनच आला. हलगी दोन ठोके पुढं गेली आणि थांबली.

सोनू जगला. मान गेली. छातीखाली काही हलत नाही.

गावात कुणी म्हणालं, शंभूनं सूड काढला. पंच म्हणाले, नाही. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. शंभूनं तालीम सोडली आणि खराडीला एका कंपनीच्या गेटवर उभा राहायला लागला. एवढा ताकदवान पोरगा, पण बहिणीचं तान्हं कुणी पुढं केलं की हात मागं घ्यायचा. "नगं. पडंल खाली."

एकदा जेवताना म्हणाला, "आजे, मला त्याला पाडायचंच व्हतं. जोरातच पाडायचं व्हतं. मंग मुद्दाम न्हाय केलं म्हंत्यात, म्हंजी मी नक्की काय न्हाय केलं?"

"जेव गप," मी म्हणलं.

संपत ताटावरून उठून गेला.

कुणासमोर माझी जीभ कधी अडली नाही, पण या एका गोष्टीला वर्षभर अडली. शेजारच्या इमारतीवरून फळी पडली की माझ्या हातातलं भांडं सुटायचं. पाटलीच्या नक्षीत त्या दिवसाची तांबडी माती बसली होती. चिंचेनं घासली, सुईनं कोरली. चांदी लख्ख झाली, पण मला मात्र लालच दिसायची.

या चैत्रात बद्रीनाथ शाल घेऊन दारात आला. "काकी, औंदा पयलं नाव तुमचं! फोटोसकट ब्यानर लावतोय."

मला हसू फुटलं. थांबेना. बद्रीनाथ घाबरला. मी शंभूला हाक मारली, "गाडी काढ. सोनूकडं जायाचं."

सोनूची आई विमलाबाई त्याला कुशीवर वळवत होती. आम्हाला बघून तिनं तोंड फिरवलं. मी बसले नाही, कुणी बस म्हणालंही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पाव्हण्यापासून "बुडाली" म्हणाले तिथपर्यंत.

विमलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "कुणाला लागावं म्हनून न्हाय केलं म्हंतासा. मंग कशापायी केलं?"

"माईकवर माझं नाव घेत नव्हते म्हनून."

"एवढ्यापायी?"

"एवढ्यापायी."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण त्याआधी सोनू बोलला. आवाज बारीक झालाय त्याचा.

"आये, मी म्हनत नव्हतो? खाली टणक लागलं म्हून? डाक्टरला सांगितलं, पंचाला सांगितलं. समदे म्हनले, भास हाय."

विमलाबाई त्याच्या पायापाशी मटकन बसली. "मी बी म्हनले रं बाळा. मी बी भासच म्हनले."

शंभू दारात उभा होता. एकदा माझ्याकडं बघितलं, मग सोनूकडं. सोनू त्याला म्हणाला, "तुझी ढाक भारी बसली व्हती."

शंभू चौकटीला धरून खाली बसला.

परत येताना गाडी बाजूला घेऊन मला म्हणाला, "वरीसभर माझ्या समूर बसून जेवलीस. मी जळत व्हतो आन तू वाढत व्हतीस."

"तुझा दोष न्हाय, येवढं कळावं म्हनून तर..."

"कोपरा तुझा. पन जोर माझा व्हता. तू सांगितलं म्हनून माझा फिटत न्हाय." त्यानंतर माझ्याशी बोलायचा बंद झाला.

बद्रीनाथला मी सांगितलं, माझं नाव घ्यायचं तर त्याच्यामागं कोपऱ्याचंही घ्यायचं. तो म्हणाला, "काकी, जत्रंत आसलं नको." मग नावही नको म्हणलं. माती करायच्या दिवशी गाव जमलं तेव्हा मीच उभी राहून सगळं सांगितलं. माईक लागला नाही. माझा आवाज पुरतो.

सोनूनं एकच मागणं केलं होतं: माती करताना मला तिथं न्या. विमलाबाईनं त्याची चाकाची खुर्ची टँकरच्या कोपऱ्याशी आणून लावली. शंभू कुदळ घेऊन उतरला. पहिला घाव खणकन वाजला. गावानं ऐकला, वर बाल्कन्यांतल्या लोकांनी ऐकला. आता ऐकून काय!

ऊन चढेपर्यंत तो मुरूम फोडत होता. मग तांबडी माती ओढली, कालवली. मी गुडघ्यावर बसून हात रुतवला. मनगट गेलं. पाटली गेली.

"बुडाली," मी म्हणलं.

वाकता येत नव्हतं तरी सोनूनं डोळे खाली नेले. "आजून."

शंभूनं माती बाजूला ओढून परत खणलं. मी परत हात घातला. दंडापर्यंत माती आली, गार, ताकाच्या वासाची. "बुडाली, बाबा."

"आजून."

शंभूनं कुदळ उचलली. माझा हात तसाच आत होता, काढायचं सुचलंच नाही. कुदळ वरच्या वर थांबली.

"हात काढ, आजे," शंभू म्हणाला.

मी हात काढला. सोनू खालीच बघत होता.

"आजून," तो म्हणाला.