न गळणारी गाडी

सोळा वर्षांत आपली गाडी एक थेंबसुद्धा गळली नाही, हे बाबा भेटेल त्याला सांगत. पाहुण्यांना चहाच्या आधी गाडी दाखवली जाई. दर रविवारी आंघोळ उरकली की ते बॉनेट उघडत, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची प्लास्टिकची टाकी वाकून बघत आणि म्हणत, "वरच्या खुणेला. जिथल्या तिथे." गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला त्यांना खपत नसे. जे कमी होत नाही ते बदलायचं कशाला, म्हणून कूलंटही तेच होतं.

आणि आता ते खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

"त्या दिवशी खड्ड्यात घातली ना मी," बाबा लेकीला म्हणाले. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला मावशीकडे सोडून परतताना चाक खड्ड्यात आपटलं होतं. त्याला सहा आठवडे झाले. "गाडीवरचा हात गेला माझा. उद्या तिला टॅक्सीने आणू. ही किल्ली तूच घेऊन जा."

"मला बघू तर द्या आधी."

"बघायचंय काय? गळतेय म्हणजे गळतेय."

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एवढ्यावर तिचं भागणारं नव्हतं. शिवाय किल्ली सुटली की बाबा खुर्चीत बसतील आणि एकदा बसले की उठायचे नाहीत, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

इंजिन गार होतं. तिने गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि टॉर्च घेऊन वाकली. बाबा दारात हाताची घडी घालून, बघत नसल्यासारखे उभे राहिले. रेडिएटरला पोचा नव्हता, तळाशी ओल नव्हती. आत पायाखालचं मॅटिंग कोरडं ठणठणीत. मग वरच्या जाड रबरी पाइपाच्या टोकाशी, जिथे क्लिप त्याला आवळून धरते, तिथे पांढरट-हिरवं पुट दिसलं. तिने नखाने खरवडलं. एक पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी. किटलीत क्षार बसतात तसे. सहा आठवड्यांत इतके थर धरत नाहीत.

तिने टाकीतलं थोडं कूलंट ग्लासात काढलं आणि शेजारच्या ग्लासात दुकानातून आणलेल्या नव्या डब्यातलं ओतलं. नवं पोपटी, गर्द. टाकीतलं जवळजवळ पाणीच. रंग इतक्या सावकाश उतरला होता की दर रविवारी बघणाऱ्यालाही कळू नये. कुणीतरी वर्षानुवर्षं यात साधं पाणी घालत आलं होतं.

दोन्ही ग्लास हातात धरून ती तशीच उभी राहिली. कॉलेजात असताना रविवारी ती उशिरापर्यंत लोळत पडायची. न्हाणीघरातून बाबांचं बेसूर गाणं, बादलीत पडणारं पाणी, आणि बाहेर बॉनेट बंद झाल्याचा धप्प आवाज. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा धप्प. पांघरुणातल्या त्या उबेत तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, की पहिल्या आवाजाच्या वेळी बाबा तर आंघोळीत होते.

ती मागच्या अंगणात गेली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, गाडीत पाणी तू घालायचीस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग हळूच, "हे आहेत का जवळ?"

"पुढच्या दारात आहेत."

"अगं, भांडंभर. फार नाही. हे आंघोळीला गेले की."

"पण का?"

"आधीची गाडी आठवते? एकदा तेल गळलं तर आठवड्यात विकून मोकळे झाले. मग वर्षभर बस. बसमध्ये हे गप्प. घरात तर तोंड उघडतात ते जेवायला. गाडीत नजर रस्त्यावर असली की मात्र बोलतात बघ. लहानपणचं, नोकरीतलं, काय काय. भांडंभर पाण्यात तेवढं मिळतंय तर माझं काय जातं?" मग लगेच म्हणाली, "सांगू नकोस हं. केवढा अभिमान त्यांना."

लेकीने विचार केला. न सांगावं तर अभिमान राहील आणि हात जाईल. ती फोन चालू ठेवूनच पुढे आली.

"बाबा, इथे नख लावा."

त्यांनी खरवडलं. पापुद्रे बोटांत चुरून बघितले. "हे खड्ड्याचं नाही."

"नाहीच. कितीतरी वर्षांचं आहे."

"मग टाकी भरलेली कशी असायची?"

तिने फोन त्यांच्या हातात दिला.

"तू?" बाबा म्हणाले. बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी विचारलं, "नळाचं पाणी?"

"नाहीतर काय, गुलाबपाणी घालू?" आईचा आवाज लेकीलाही ऐकू आला.

"गंज चढतो अशाने," बाबा पुटपुटले, पण ओरडले नाहीत. फोन ठेवून त्यांनी बाही दुमडली. "पान्हा आण."

संध्याकाळपर्यंत नवी क्लिप बसली, जुनं पाणी निघालं, नवं कूलंट गेलं. इंजिन अर्धा तास चालवलं, पुठ्ठा कोरडा. सकाळी टाकी वरच्या खुणेला होती. बाबांनी ती दोनदा बघितली, लेकीकडून किल्ली मागून घेतली आणि एकटेच निघाले.

मावशीकडून घर चाळीस मिनिटांवर. निघतोय असा फोन येऊन दीड तास झाला, दोन झाले. लेकीने जेवण दुसऱ्यांदा गरम केलं. तिने फोन लावला.

"आई, कुठे आहात? गाडी तापली का?"

"नाही गं, लांबच्या रस्त्याने आलोय," आई घाईघाईने म्हणाली. "ठेव आता. हे काहीतरी सांगतायत."