पाण्याच्या टाकीपाशी

चंद्रकलेनं पदर कमरेला खोचला आणि फलाटावरच्या चहावाल्याला सांगितलं,

"भाऊ, तुमची गाडी जराशी तिकडं सरकवा. माह्या पोराले आम्ही दिसलो पाहिजे."

"कोणत्या गाडीत आहे पोरगा?" चहावाल्यानं विचारलं. तिनं गाडीचं नाव सांगितल्यावर तो हसला. "बाई, ते गाडी पांढुर्ण्याले थांबत नाही."

"मालूम आहे. म्हणूनच तर सरकवा म्हणून राहिली."

चहावाल्यानं गाडी सरकवली. न सरकवून जातो कुठं! चंद्रकला आज भाचीच्या लग्नातली पिवळीधमक साडी नेसून आली होती. लेकाला दुरून दिसली पाहिजे म्हणून. प्रफुल्लनं फोनवर बजावलं होतं, टाकीपाशी उभे राहा, मी दारात असन. चौदा महिन्यांनी लेकाचं तोंड दिसणार, तेही अर्धं मिनिट. अर्धं तर अर्धं, असं ती आठ दिवस येईल-जाईल त्याला सांगत होती.

गल्लीतली दहाबारा माणसंही आली होती. शेजारच्या सरलाबाईंनी तर झेंडूचा हार आणला होता.

"हार कोणाले घालता, इंजिनाले?" देवीदासनं, प्रफुल्लच्या बापानं, त्यांना छेडलं.

"घालीन, तुम्हाले काय करायचं?" सरलाबाई म्हणाल्या. सगळे हसले. देवीदासही हसला. आज त्याला कशानंही हसू येत होतं.

देवीदास संत्र्यांच्या बाजारात फळं निवडायच्या कामावर होता. मोठं फळ इकडं, बारीक तिकडं, डागी खाली. तेराव्या वर्षी प्रफुल्ल फुटबॉलच्या अकादमीत गेला, तेव्हा एकदा निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! तिथं दर वर्षी निवड. तीस पोरांतली पाचसहा दर उन्हाळ्यात घरी. रामाकोना गावचा मयूर पहिल्याच वर्षी पेटी घेऊन परत आला, आता तो बापाच्या दुकानात बसतो. प्रफुल्ल टिकला. पंधराखालच्या संघात टिकला, सतराखालच्या टिकला, आणि गेल्या जूनमध्ये एका मोठ्या क्लबनं त्याची सही घेतली. पगारी खेळाडू! मधे दोन महिन्यांपूर्वी डावा गुडघा मुरगळला होता. चंद्रकला रोज फोनवर एकच विचारायची, पाय कसा आहे? बरा आहे, आई. आता भोपाळच्या पुढं कुठंतरी सामना होता, परगावचा पहिला, आणि सगळा संघ याच गाडीनं चालला होता.

खिशातला फोन वाजला. प्रफुल्लचा. देवीदास गडबडीनं जिन्याकडं सरकला.

"कुठपर्यंत आला रे? आम्ही उभे आहोत टाकीपाशी."

"बाबा, आई बाजूले आहे का?"

"नाही. बोल."

"मी गाडीत नाही, बाबा."

देवीदासला आधी कळलंच नाही. "मागच्या गाडीनं येऊन राहिला का?"

"नाही. काल डॉक्टरनं गुडघा पाह्यला. ऑपरेशन केलं तरी पहिल्यासारखा होत नाही म्हणते." पोराचा आवाज चिरकला. "क्लबनं मोकळं केलं मले."

"मोकळं म्हणजे?" देवीदासला उमगलं होतं. तरी त्यानं विचारलं.

"घरी जा म्हणते."

देवीदासनं जिन्याचा कठडा धरला. सहा वर्षं. हातातोंडाशी आलेला घास असा जावा? पलीकडं पोरगा नाक ओढत होता.

"रडू नको," तो कसाबसा म्हणाला.

"आईले नका सांगू, बाबा. गाडी जाऊ द्या. मी मंग सांगीन."

गाडी येत असल्याचं, रुळांपासून दूर राहण्याचं भोंग्यावर सांगू लागले. देवीदासनं फोन खिशात घातला.

"कोणाचा फोन होता?" चंद्रकलेनं लांबूनच विचारलं.

"बाजारातून. उद्या लवकर बोलावलं."

"बरं, इकडं या. आन् हात वर करून ठेवा, म्हणजे दिसन त्याले."

देवीदासनं हात वर केला. आत्ताच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण ती टाचा उंचावून रुळांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं ते सुख स्वतःच्या हातानं पुसायचं त्याच्या जिवावर आलं. मेला असता तरी जमलं नसतं त्याला.

गाडी धडधडत आली. धूळ उडाली, कागद उडाले. काळ्या काचांचे डबे भराभर पुढं गेले. चंद्रकला हात हलवत चार पावलं धावली, मधेच वळून तिनं देवीदासकडं पाहिलं, आणि पुन्हा गाडीकडं तोंड करून हात हलवत राहिली. शेवटचा डबाही गेला.

"दिसला!" ती ओरडली. "दारात होता! हात केला ना त्यानं!"

"हिरव्या कपड्यातला ना?" सरलाबाई म्हणाल्या. "मीबी पाह्यला, माय!"

मग काय, सगळ्यांनाच दिसला. कुणाला हसताना दिसला, कुणाला हात हलवताना. टाळ्या झाल्या. सरलाबाईंनी हार चंद्रकलेच्याच गळ्यात घातला.

"तुम्हाले दिसला ना?" चंद्रकलेनं विचारलं.

"दिसला," देवीदास म्हणाला.

"वाळला जरासा."

"हो."

घराकडं जाताना देवीदास सायकल हातात धरून चालत होता. उद्या हिला काय सांगायचं, कोणत्या तोंडानं सांगायचं, याचाच घोर त्याला लागला होता. गल्लीतली माणसं बोलत-हसत पुढं निघून गेली. चंद्रकलेनं गळ्यातला हार काढला आणि सायकलच्या मुठीला अडकवला.

"कधी येते?" तिनं विचारलं.

"कोण?"

"प्रफुल्ल. डावाच पाय ना?"

सायकल थांबली.

"तुले कोणं सांगितलं? त्यानं फोन केलता का तुले?"

"मले कोण सांगते?" चंद्रकला म्हणाली. "गाडी आली तवा सारे गाडीकडं पाहून राहिले होते. तुम्हाले दाखवाले म्हणून मी वळली, त तुम्ही माह्याकडं पाहून राहिले होते."

देवीदासनं मुठीवरच्या हाराकडं पाहिलं. मग म्हणाला,

"मंग दिसला काहून म्हणाली?"

"सरलाबाईनं हार आणला होता. आन् तुम्ही तसाच हात वर करून उभे होते."

आता मात्र तिला रडू आलं. भर रस्त्यात पिवळ्या साडीचा पदर तोंडाला लावून ती रडली. कापसाची एक गाडी जवळून गेली. गाडीवाल्यानं वळून पाहिलं. देवीदासला वाटलं, तिच्या पाठीवर हात ठेवावा, पण दोन्ही हातांत सायकल होती आणि ती कुठं टेकवावी ते त्याला सुचेना.

तिनं डोळे पुसले.

"लावा त्याले फोन."

"काय सांगू?"

"जे गाडी इथं थांबते, त्या गाडीनं ये म्हणा."