पगारी अळी

तड् करून एक शेंग उकलली, दाणे ताटाबाहेर फरशीवर उड्या मारत गेले, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. सून खाली वाकून दाणे वेचू लागली. बाहेर सासरे पोती तोलायचा काटा टांगत होते, आणि तिचा जीव त्या काट्याला टांगलेला.

ती बियाण्यांच्या संशोधनशेतावर कामाला होती. काम ऐकून लोक हसत. छोट्या कात्रीनं सोयाबीनची पानं कापायची, कुठे थोडी, कुठे निम्मी, अगदी अळीनं खाल्ल्यासारखी. मग बघायचं, कुठल्या वयात किती पानं गेली तर झाड किती दाणा देतं. सासऱ्यांनी तिचं नावच पाडलं होतं, पगारी अळी. फुकट खाणाऱ्या आपल्या शेतात ढीगभर आहेत, हिला मात्र खायचा पगार मिळतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

यंदा फुलोऱ्याआधीच खऱ्या अळ्यांनी घरच्या सोयाबीनची चाळणी केली. सासऱ्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला तशी ती आडवी आली. झाड लहान आहे, नवी पानं काढून भरून काढेल, थांबा म्हणाली. तोवर घरात तिचा शब्द भाजीत मीठ किती, एवढ्यापुरताच चाले. सासऱ्यांनी निम्मं शेत तिच्या हवाली केलं, उरलेलं फवारलं.

"ही बाजू तुझी. हातची गेली, तर पुन्हा शेतातलं बोलायचं नाही."

शेंगा भरू लागल्या आणि अळ्या परत आल्या, पहिल्यापेक्षा कमीच. आता मात्र फवारा म्हणून तीच मागे लागली. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. चाळणी झाली तेव्हा नको, आणि चार भोकांना हवं? तिनं समजावलं, आता झाड नवी पानं काढणार नाही, आहेत त्यांच्यावरच दाणा पोसायचाय. कुरकुरत का होईना, त्यांनी दोन्ही बाजू फवारल्या.

आज पोती काट्यावर चढली, तशी तीही बाहेर आली. आधी त्यांच्या बाजूची, मग तिच्या. सासऱ्यांनी काटा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. तिचं पीक तसूभरही कमी नव्हतं, आणि एक फवारणी वाचली होती. मग कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला आवाज चढवून म्हणाले,

"पानांना भोकं पडली की आधी आमच्याकडे यायचं. आमच्या पगारी अळीला विचारल्याशिवाय पंप उचलायचा नाही."

ती आत आली ती मान ताठ करून, डोळे भरून. लेकीला कडेवर घेतलं आणि सगळं सांगितलं. पानं गेली, पण झाडाकडे वेळ होता, म्हणून त्यानं नवी काढली. नंतर वेळ नव्हता, म्हणून आपण मदतीला गेलो.

लेकीनं तिच्या गळ्यातले हात काढले आणि थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पण आई, वेळ आहे की नाही, हे झाडाला कसं कळतं?"