डंपसाठी वेगळी जागा

पाण्याच्या पंपांवर नजर ठेवणारा सर्व्हर पुन्हा कोसळला, आणि ऑफिसने खापर फोडायला डोकं आधीच शोधून ठेवलं होतं. पंपांचे आकडे सर्व्हरकडे आणणारा ड्रायव्हर हा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला, ते आता निवृत्त होऊन घरी होते. सर्व्हर आता त्यांच्या सुनेकडे होता.

"तो जुना ड्रायव्हर काढूनच टाकू," साहेब म्हणाले.

"पुराव्याशिवाय नको, सर. मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

घरी तिचे सासरे, बाबा, बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. तिने सांगितलं तसा त्यांचा पारा चढला. "इतकी वर्षं चालला, तो आता बिघडेल? डंप बघ ना! मेलेलं मशीन खोटं बोलत नाही."

तिथेच तर घोडं अडलं होतं. मेमरी भरली की कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कमी लागणारं सामान डिस्कच्या एका राखीव भागात नेऊन टाकतो. तो भाग म्हणजे स्वॅप. आणि मशीन कोसळताना मेमरीत जे काही असेल ते तो त्याच भागात उतरवतो, तो डंप. पुन्हा सुरू होताना आधी डंप उचलून बाजूला ठेवायचा आणि मगच स्वॅप खुला करायचा, अशी रीत. पण इथे डंप दर वेळी अर्धवट निघायचा, वाचताच यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मशीन सुरू होतानाची एकेक पायरी तपासली. मोठी डिस्क बसवल्यापासून सुरुवातीला होणाऱ्या डिस्कच्या तपासणीला मेमरी पुरत नव्हती, म्हणून कुणीतरी स्वॅप आधीच खुला करून ठेवला होता. पाहुणा उठायच्या आत त्याच्या अंथरुणावर दुसरा येऊन झोपावा, तसं नवं सामान डंपवर पडत होतं.

तिने स्वॅपचा भाग कापून लहान केला. उरलेल्या जागेत अख्खी मेमरी मावेल एवढा वेगळा भाग फक्त डंपसाठी राखला आणि कर्नलला तो दाखवून दिला. मग वाट बघणं आलं. स्वतःच्या मशीनने मान टाकावी म्हणून वाट बघायची, याचं तिला हसूही आलं.

सर्व्हर कोसळला तो भर दुपारी, ती डबा उघडत असताना. या वेळी डंप अख्खा हाती आला. ती उत्साहाने वाचायला बसली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. नवे पंप लांबलचक आकडे पाठवत होते, ड्रायव्हरने मात्र आखूड आकड्यांपुरतीच जागा धरली होती. जास्तीचं सगळं शेजारच्या मेमरीत सांडत होतं. नव्या पंपांकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. पण येणारा आकडा किती लांब आहे हे तपासायचं काम ड्रायव्हरचंच होतं.

संध्याकाळी तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. जेवताना बाबा अर्ध्या ताटावरून उठले. तिलाही घास गोड लागेना.

सकाळी ती निघाली तर बाबा चपला घालून दारात उभे.

"चल. घाण मी केली, मीच निस्तरतो."

ऑफिसात ते सरळ साहेबांपुढे जाऊन म्हणाले, "चूक माझीच आहे. सूनबाईने शोधली." साहेबांनी खुर्ची पुढे केली. बाबांनी तिच्या शेजारी बसून ड्रायव्हरमध्ये तपासणीच्या ओळी घातल्या. तिने मुद्दाम लांबच लांब आकडे पाठवून पाहिले. सर्व्हर ढिम्म हलला नाही.

परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "डंपला जागा जरा जास्तच दिलीस."

"पुढे मेमरी वाढवायची आहे, बाबा."

त्यांनी खिडकीबाहेर बघत मनाशी हिशेब केला.

"मग कमीच दिलीस."