उंदरांचा तिसरा दिवस

दादाचं हृदय सहा मिनिटं बंद पडलं, ते ऑफिसच्या बैठकीत. तिथे मान टाकून डोळे मिटण्याची जुनीच रीत असल्यामुळे पहिली दोन मिनिटं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मग छाती दाबली, शॉक दिला, रक्त पुन्हा वाहू लागलं.

दुसऱ्या दिवशी तो उशीला टेकून नर्सला चिडवत होता.

"भावोजी, तुम्ही यातलेच ना," वहिनी म्हणाली. "टळलं ना सगळं?"

"टळलं."

मी यातलाच. वीस वर्षं उंदरांच्या मेंदूचं रक्त काही मिनिटं रोखतो, पुन्हा सोडतो आणि नंतर मेंदूचे काप काढतो. माझ्यासाठी स्थळं बघताना घरचे 'संशोधनात आहे' एवढ्यावरच थांबायचे.

वहिनी चहा आणायला गेली.

"उंदीरमामा," दादा म्हणाला, "खरं सांग. तुझ्या उंदरांचं पुढे काय होतं?"

माझी एकही थाप त्याच्यापुढे कधी पचली नाही. डावी भुवई वर जायची, की संपलं. म्हणून सांगितलं. दोन दिवस उंदीर खातो, धावतो. मेंदूच्या कापाला साधा रंग दिला तर पेशी धडधाकट दिसतात. खास रंग चढवला की कळतं, आतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटून गुठळ्या झाल्यात आणि पेशीला त्या निस्तरता येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशींची एक पट्टी मरते. नवं लक्षात ठेवणारी.

"माणसाचं तसंच होईल असं नाही," मी जोडलं.

भुवई वर गेली.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी तो पेपर वाचत होता.

"सकाळपासून एकच पान वाचतायत," वहिनी कौतुकाने म्हणाली. "एवढं काय आहे त्यात, कोण जाणे!" आणि चहाला गेली.

दादाने पेपर खाली ठेवला. "उंदीरमामा, बरं झालं आलास. खरं सांग. तुझ्या उंदरांचं पुढे काय होतं?"

तेच हसू. तोच सूर.

मी भुवईकडे बघत म्हणालो, "काही नाही रे दादा. मजेत असतात. म्हातारे होऊन मरतात."

भुवई हलली नाही.

"वा! हिला सांग तेवढं. उगाच घाबरलीये."

वहिनी तीन कप सांभाळत आत आली. "काय सांगायचंय मला?"

दादाने कुतूहलाने माझ्याकडे पाहिलं. "हो रे, काय सांगायचंय?"