माझं रक्त

भाविनीचे चार गर्भ गेले आणि चारही वेळा रक्त तिचंच तपासलं गेलं. उपास तिचे, नवसही तिचेच. माझ्याकडे रिक्षा बोलावण्याचं काम होतं. ती एक्केचाळिसाची झाल्यावर राजकोटच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच माझंही रक्त मागितलं. समंजस नवऱ्याप्रमाणे मी बाही वर केली आणि दोष माझ्याच गुणसूत्रांत निघाला.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं भावनगरला परतलो, तर माझी आई, बा, शेजारच्या तोरलचा सातव्या महिन्याचा खोळो, म्हणजे ओटी, भरायला निघाली होती.

"भाविनी, तू घरीच थांब हं. भरल्या पोटावर तुझी नजर नको. काय रे, काय म्हणाली डॉक्टर?"

मी कॉलेजात आनुवंशिकता शिकवतो.

"अजून तपासतायत," मी म्हणालो.

"आता काय तपासायचंय? हिचं पोट साऱ्या शेरी-गल्लीला ठाऊक आहे!"

भाविनी सांगून टाकेल म्हणून मी आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने बाच्या हातात नारळ दिला, ती गेल्यावर दार लावलं आणि विचारलं, "मुलांना वर्गात कसं हो सांगता हे सगळं?"

"फळ्याकडे तोंड करून," मी म्हणालो.