अडगळीच्या आठवड्यातलं खुराडं

नोला ट्रेंबाथनं शेजाऱ्याचं खुराडं भरदिवसा पळवलं, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. वाटायचं कारणच नव्हतं. मिरिंबा गावात वर्षातून एकदा अडगळीचा आठवडा असतो. घरातलं नकोसं झालेलं सामान फाटकाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर आणून टाकायचं, शुक्रवारी नगरपालिकेचा ट्रक येऊन ते घेऊन जातो. पण ट्रकच्या वाट्याला येतात त्या फक्त फाटक्या गाद्या. बाकी सगळं सोमवारपासूनच या फाटकातून त्या फाटकात जातं. गवतावर आलं की ते कुणाचंही, असा गावाचा कायदा. पथ्य एकच. घेणाऱ्यानं मालकाच्या घराकडे बघायचं नाही आणि मालकानं पडद्याआडून कितीही बघितलं तरी बाहेर यायचं नाही. तो बाहेर आला तर आभार मानावे लागतात, आभार मानले की ती भेट होते, आणि भेट म्हटली की तिची परतफेड आली. मिरिंबाच्या लोकांना एवढं लचांड नको असतं.

खुराडं होतं मर्व्ह हॉकिंगचं. मर्व्ह नोलाच्या डाव्या हाताला राहायचा, कुंपणाला कुंपण लागून, आणि गेली चौदा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. भांडण मुळात नोलाच्या नवऱ्याचं, वॉलीचं. नोला मुलीच्या बाळंतपणासाठी दीड महिना पर्थला गेली होती, परत आली तो भांडण तयार. "त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही," एवढंच वॉली म्हणाला, आणि का ते शेवटपर्यंत त्यानं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी वॉली गेला. घर, गवत कापायचं यंत्र आणि हे भांडण असं तिन्ही नोलाकडे आलं. यंत्र सुरू व्हायचं नाव घेत नव्हतं, भांडण मात्र व्यवस्थित चालू होतं.

कोंबड्या तिला फार पूर्वीपासून हव्या होत्या. वॉली कधीमधी "बघू" म्हणायचा, पुढे तेही म्हणेनासा झाला. आता तिनं स्वतःच ठरवलं होतं. सहा तपकिरी तलंगा, नुकत्या अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, शनिवारी येणार होत्या. घर फार गप्प झालं होतं. सकाळी उठल्यावर कुणीतरी आपल्यावर ओरडावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

म्हणून सोमवारी तिची मैत्रीण रेलीन पिकअप घेऊन आली. वीस पावलांवरचं खुराडं दोघींनी पिकअपमध्ये चढवलं, साऱ्या गावाला चक्कर मारली, पोस्टावरून, दारूच्या दुकानावरून, आणि मागच्या गल्लीतून नोलाच्या परसात आणून उतरवलं.

"हा वळसा कशाला?" रेलीन धापा टाकत म्हणाली.

"त्याला कळू नये म्हणून."

"अगं बाई, कुंपण तुझ्या कमरेएवढं आहे! आता दिसतच असेल त्याला तुझ्या परसात."

"दिसू दे. पण मी नेलेलं त्यानं पाहिलं नाही ना."

रेलीननं हॉकिंगच्या खिडकीकडे नजर टाकली. पडदा हलत होता. पथ्याप्रमाणे तिनं लगेच मान फिरवली.

मंगळवारी नोला खुराडं साफ करायला बसली. सांगाडा भक्कम होता, नीलगिरीच्या लाकडाचा, पत्रा शाबूत. मात्र दांड्यांच्या फटीत सुरी घातल्याबरोबर आतून तांबड्या किड्यांचा लोंढाच बाहेर पडला. दिवसा फटीत लपणारे आणि रात्री कोंबडीचं रक्त पिणारे. तासाभरात नोलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत खाजायला लागले. ती कुंपणाजवळ उभी राहिली आणि कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "चुना लागणार याला. बादलीभर! आणि माझ्याकडे तर चिमूटभरही नाही."

बुधवारी सकाळी मर्व्हच्या गवतावर चुन्याचं पोतं होतं. शेजारी एक कुंचला. पोत्याची शिवण उसवलेली नव्हती, आणि कुंचल्याचे केस इतके सरळ होते की त्यानं आयुष्यात कधी भिंत पाहिली नसावी. अडगळच ती, दुसरं काय! नोला इकडे तिकडे न बघता गेली, दोन्ही उचलून घेऊन आली. दुपारपर्यंत तिनं फटीफटीत चुना भरला. मग पुन्हा कुंपणाशी जाऊन आभाळाकडे बघत म्हणाली, "कोल्हा खालून उकरतो म्हणे. चहूबाजूंनी जाळी अंथरावी लागेल."

गुरुवारी जाळीचा गुंडाळा. दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती, आणि तिच्यावर कालची तारीख.

आता मात्र नोलाला गंमत वाटायला लागली. चौदा वर्षांत ज्या माणसानं "सुप्रभात" म्हटलं नाही, तो शहरातल्या दुकानापर्यंत शहाण्णव किलोमीटर गाडी हाकून तिच्यासाठी जाळी आणतो आणि वर ती टाकून दिल्याचं सोंग करतो! म्हाताऱ्याची परीक्षा घ्यायचं तिनं ठरवलं. जाळी अंथरून झाल्यावर ती कुंपणापाशी गेली आणि म्हणाली, "झालं बाई सगळं. आता एक घोडा मिळाला की संसार पुरा झाला."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुधा चहाचा मग असावा.

शुक्रवारी ट्रक यायच्या आधी मर्व्हच्या गवतावर एक लाकडी झुलता घोडा उभा होता. एक कान तुटलेला, शेपटी नव्यानं बसवलेली, सुतळीची. नोला रस्त्याच्या मधोमध थांबून हसली. इतकं की समोरची बाई खिडकी उघडून बघायला लागली. वॉली गेल्यापासून ती असं हसलीच नव्हती, आणि हसता हसता तिला त्याचा जरासा रागही आला. एवढा गमत्या माणूस कुंपणापलीकडे असताना आपल्याला चौदा वर्षं गप्प ठेवलं, म्हणून. घोडा तिनं ओढत आत नेला. टाकलेली वस्तू नाकारायची म्हणजे काय!

मग ट्रक आला, उरलेल्या गाद्या घेऊन गेला, आणि आठवडा संपला. आता गवतावर काही ठेवलं तर नगरपालिकेची नोटीस येते. नोलाच्या मनात आलं, झालं, आता पुन्हा वर्षभर कुंपण आणि पडदा. तिला एकदम उदास वाटलं.

शनिवारी तलंगा आल्या. दिवसभर त्या परसात मजेत फिरल्या, नोलावर मनसोक्त ओरडल्या. पण चारच्या सुमाराला दक्षिणेचा वारा सुटला, थेट ध्रुवाकडून आल्यासारखा गार, बोचरा, मागोमाग आडवा पाऊस. घर आणि शेडच्या बोळातून वारा घुसायचा तो थेट खुराड्याच्या दारात. आतला पेंढा उडून भिजला, दांड्या निथळायला लागल्या. उजेड कमी झाला तशा तलंगा दारापर्यंत जायच्या, तोंडावर सपकारा बसला की मागे फिरायच्या. नोलानं एकीला उचलून आत ठेवलं, दुसरीला आणेपर्यंत पहिली बाहेर. तिसरी तर घोड्याच्या पाठीवर जाऊन बसली. मागच्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या मॅक्केबांच्या नऊ कोंबड्या कोल्ह्यानं एका रात्रीत संपवल्या होत्या. आणखी अर्ध्या तासात अंधार पडणार होता. नोला भिजून चिंब झाली होती आणि तिला रडू यायला लागलं होतं. सहा जीव तिच्या भरवशावर आले होते आणि पहिल्याच रात्री तिला ते सांभाळता येत नव्हते.

रेलीनला फोन करावा म्हणून ती घरात आली. पुढच्या खिडकीतून सहज तिची नजर बाहेर गेली. मर्व्हच्या मोकळ्या गवताच्या पट्टीवर, भर पावसात, स्वयंपाकघरातली एक खुर्ची होती. आणि खुर्चीवर रेनकोट घालून मर्व्ह हॉकिंग बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर समोर, रस्त्याकडे. नोलाच्या घराकडे तो मुळीच बघत नव्हता.

नोला छत्री न घेता बाहेर गेली. त्याच्यासमोर उभी राहिली.

"मर्व्ह," ती म्हणाली, "ट्रक काल येऊन गेला. आता इथे काही ठेवलं तर दंड होतो."

"खुर्ची ठेवलेली नाही," मर्व्ह म्हणाला. त्याचा आवाज तिच्या आठवणीतल्यापेक्षा बारीक निघाला. "मी स्वतःला ठेवलंय. न्यायचा असेल तर ने, नाहीतर मी भिजतो."

"गुडघ्यांनिशी न्यायचा का?"

"गुडघे कुचकामी आहेत. तेवढे सोडून बाकीचा बरा चालतो."

ती त्याला परसात घेऊन आली. खुराड्याकडे बघून मर्व्हनं नाकातून एक आवाज काढला.

"दार कुणीकडे केलंस?"

"घराकडे. स्वयंपाकघरातून दिसावं म्हणून."

"डिट्टो वॉली," मर्व्ह म्हणाला. "सगळा वारा दक्षिणेचा आणि दार दक्षिणेला. मी तेव्हाही हेच सांगत होतो."

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

मर्व्हनं तिच्याकडे नीट बघितलं. "त्यानं सांगितलंच नाही तुला?"

नोलानं नाही म्हणून मान हलवली.

"तू पर्थला गेली होतीस. हे खुराडं आम्ही दोघांनी केलं, या कुंपणाला लागून. तू परत आल्यावर तुला दाखवायचं होतं त्याला. कोंबड्याही सांगून ठेवल्या होत्या. शेवटच्या दिवशी दार बसवायला घेतलं. तो म्हणतो घराकडे, नोलाला ओट्यापाशी उभं राहून दिसलं पाहिजे. मी म्हणतो उत्तरेला, आपल्या या दक्षिण टोकाला ऊन तिकडूनच येतं. तो म्हणाला, तुला बायकांचं काय कळतं. मी म्हणालो, तुला कोंबड्यांचं काय कळतं. मग आणखी काय काय म्हणालो. खुराडं मी माझ्याकडे नेलं, दार उत्तरेला केलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कोंबड्या पाळल्या, तो गेल्यावरही पाळल्या. शेवटची गेली थंडीच्या सुरुवातीला. मग पोस्टात ऐकलं की तू तलंगा सांगितल्यास."

पावसात उभ्या उभ्या तिला ओट्यापाशी उभी असलेली ती स्वतः दिसली, आणि तिला दिसावं म्हणून भांडणारा तो खुळा माणूस. तिच्यासाठी केलेलं खुराडं तिला चौदा वर्षं कुंपणापलीकडून बघावं लागलं होतं. दोघांचाही राग आला तिला, आणि दोघांचीही फार माया आली. मागे एक तलंग कुडकुडत ओरडली.

"वॉली चुकला होता, मर्व्ह," ती म्हणाली. "दार उत्तरेलाच हवं."

मर्व्हचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. उलट तो पडला. रेनकोटच्या टोपीवरून पाणी ओघळत होतं आणि तो खुराड्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभा होता.

"चौदा वर्षं वाट बघितली गं हे ऐकायची," तो म्हणाला. "पण त्याच्या तोंडून."

"त्याच्याकडे जाशील तेव्हा ऐकशील," नोला बाहीनं डोळे पुसत म्हणाली. "एवढी घाई नको करू. आधी ते तिकडचं टोक उचल."